रेस्ट

वर्तकनगरच्या मागे, जिथे पूर्वी सुपारी कातरायचा कारखाना होता,
तिथल्या तळघरात आज तेरावं शतक आहे.
भिंतींना काळा स्पंज. एसी बंद, कारण तो घरघरतो.
पडद्यावर श्रीस्थानकाची खाडी,
शूट केलेली दिव्याच्या पलीकडे कुठेतरी,
विजेचे टॉवर पुसून.

राणी धक्क्यावर उभी आहे.
गलबतं यायची आहेत. येणार नाहीत.
तिला अजून कळलेलं नाही,
आमच्या कागदावर मात्र लिहिलंय,
बार एकशे सोळा.

माझ्या कागदावर त्याआधी एक जाड आडवी रेघ
आणि तिच्या डोक्यावर आकडा: ११५.
तेवढे बार डबल बास गप्प.
तेवढे बार मी नुसता मोजणार,
बोटांनी, पॅन्टच्या शिवणीवर.

मी खारेगावचा भोईर.
बाबा ब्रास बँडात युफोनियम वाजवायचे.
आमच्यात हळदीचा आवाज शेजारच्या गावात पोचला नाही
तर माणसं दुसऱ्या दिवशी विचारायला येतात,
कुणी गेलं का हो घरात?

काचेमागून निर्माते म्हणतात,
मॅडम, युद्ध आहे. नगारे टाका ना शंभर. निदान शंख.
टिपणीसबाई पेन्सिल कानामागून काढतात.
युद्ध कुठाय पडद्यावर?
पडद्यावर बाई आहे.

चौदा गळे. चरईतले, नौपाड्यातले,
तळ्याकाठच्या चर्चमधल्या सिसिलिया दिमेलो,
ज्या सूर लावण्याआधी चष्मा काढून ठेवतात,
आणि चेंदणीचे हरेश्वर नाखवा.
बर्फाचा धंदा; आवाजही तसाच,
लादीच्या खालून येणारा.

आधी त्यांना शब्द होता.
ताम्रपटात असतो तो, दान देताना, शपथ घालताना:
आचंद्रार्क.
चंद्रसूर्य आहेत तोवर.
पहिल्या दिवशी बाईंनी त्यातला र्क खोडला.
दुसऱ्या दिवशी चं. मग द्र.
आज नुसता आ उरलाय.

नाखवा म्हणाले, शब्दच नाय तर धरू काय?
पाण्यात काय धरता?
दोर.
सगळे हसले. बाई हसल्या नाहीत,
व्हायोलाच्या कागदावर त्यांनी एक लांब सूर लिहिला,
पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि म्हणाल्या, घ्या.

चार टेक झाले.
चारही वेळा एकशे सोळाला मी खालची तार लावली,
हलकीच, राणीचे डोळे पाण्यावरून परत येतात तिथे.
चांगली लागली होती.
पाचव्याला बाई खोडरबर घेऊन माझ्याकडेच आल्या.
भोईर, तुमचा सूर नको.
पण गज उचला.
सगळे तुमच्या गजाकडे बघून श्वास घेतात.

मग मी उचलला.
एकशे चौदा, एकशे पंधरा,
गज हवेत, तारेपासून बोटभर वर,
आणि चौदा माणसांनी एकदम आत ओढलेली हवा
माइकने जशीच्या तशी घेतली.
पुढे काहीच नाही. राणी खाली बसते.
चुडा दगडावर टेकतो, तोही आवाज बाईंनी काढून टाकलाय.
मग कुठूनतरी आ.

निर्माते बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, श्वास ऐकू येतोय, तो साफ होईल ना?
बाई म्हणाल्या, नाही होणार.

रात्री टेम्पोत मागे मी आणि बास, गादीत गुंडाळलेला.
कळव्याच्या पुलावर सिग्नल. खाली ओहोटी, चिखल,
एक होडी कुशीवर.
ड्रायव्हर आरशातून म्हणाला, आज काय वाजवलंत?
काय नाय.
शिफ्टचे पैसे?
पूर्ण.

पलीकडे आमच्याच गावात कुणाची तरी हळद होती.
डीजेचा ठोका खाडीवरून आला, टेम्पोच्या पत्र्यात शिरला,
आणि गादीच्या आत
बासची खालची तार आपली आपणच बोलायला लागली,
दुपारचाच सूर.

मी गादीची गाठ सोडली
आणि तारांवर तळहात ठेवला.
सिग्नल सुटेपर्यंत.